बेकमात गेल्याचं कुणी सांगायचं

ओश शहराच्या वरच्या डोंगरात कोक-जार गावात माणूस मेलं की माती कुठं द्यायची हा प्रश्न नसतो, टेकडीवर जागा भरपूर आहे. प्रश्न असतो लांबच्याला सांगायचं कुणी. फोनवर सांगायचं नाही, वाटेत सांगायचं नाही, एकट्याला गाठून तर मुळीच नाही. लांबच्याला म्हणायचं, जरा आजारी आहे, येऊन जा. तो आला की अंगणात घ्यायचा. चार म्हातारे समोर, चार बाया बाजूला, पाठीला हात द्यायला एक धट्टाकट्टा माणूस. मग घरातल्या थोरल्यानं डोंगर ढासळल्याच्या, नदी आटल्याच्या गोष्टी करत करत हळूच मूळ शब्दावर यायचं. ह्याला ऐकवणी म्हणतात. त्याआधी जो तोंड उघडतो, त्यानं त्या माणसाचं काळीज फोडलं असं गाव धरतं, आणि मग त्याला सोयरीक जुळवायलासुद्धा कुणी बोलवत नाही.

ओरमोश ह्या कामात नावाजलेला होता. मिसरूड फुटायच्या वयात तो सामुदायिक शेतीवर ट्रॅक्टर हाकायचा, तेव्हा फौजेतून सुटून येणाऱ्या एका पोराला स्टेशनावरून आणायला त्याला धाडलं होतं. पोराची आई आदल्या आठवड्यात गेली होती. ओरमोश दिवसभर त्याच्याशेजारी बसून आला, त्याच्याबरोबर टरबूज खाल्लं, आईसाठी घेतलेली शाल उलगडून बघितली, रंग चांगला आहे म्हणाला, आणि एक अक्षर बोलला नाही. तेव्हापासून म्हातारे म्हणायचे, ओरमोशच्या पोटात धोंडा टाका, बुडबुडा वर यायचा नाही.

एवढीच काय ती त्याची कमाई. बाकी शेती मोडली, ट्रॅक्टर भंगारात गेला, दोन पोरांची लग्नं करता करता मेंढरं संपली, आणि पन्नाशी उलटल्यावर ओरमोश मॉस्कोला गेला बर्फ ओढायला. चार इमारतींची आवारं त्याच्याकडं. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात कचरा. तिथं त्याला मीशा म्हणायचे. ओरमोश म्हणायला जीभ वळत नाही म्हणाले. तोही मीशा म्हटल्यावर वळून बघायला लागला.

गावातलीच साल्किन त्याच्या पलीकडच्या गल्लीत राहायची. एका कारखान्याच्या खानावळीत भांडी घासायची, गर्दी असली की कणीक मळायची. चाळिशीची बाई. नवरा दुसरीच्या मागं सैबेरियात गेलेला. मूलबाळ नाही. अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट, आणि हसली की तीन मजले ऐकू जायचं. तिला जगात माणूस एक, तो म्हणजे बाप. बेकमात घोड्यांना नाल ठोकायचा. आई तिची लहानपणीच गेली, बेकमातनं दुसरी केली नाही, लेकीची वेणी स्वतः घालायचा. नाल ठोकणाऱ्या हातांनी घातलेली वेणी आठ आठ दिवस सुटायची नाही, असं साल्किन सांगायची.

तो बेकमात जुलै महिन्यात गेला. पहाटे ओसरीवर तोंड धुता धुता बसला तो बसलाच.

ओरमोशला फोन आला एर्गेश म्हाताऱ्याचा. एर्गेश म्हणजे बेकमातचा थोरला भाऊ, भावकीतला कर्ता.

"ओरमोश, बेकमात आपल्यातनं गेला," म्हातारा म्हणाला. "लेकीला घिऊन ये. तिला आजारी हाय म्हनून सांग. उन्हाळा हाय, तरी म्या बर्फाच्या लाद्या आनवल्यात वरच्या ओढ्यातनं. मुल्ला कटकट करतोय, आजच्या आज माती द्या म्हनतो. मी त्याला म्हनलं, बेकमातला ल्योक न्हाई, लेक हाय. परवाच्या सकाळपातूर थांबायचं. ऊन चढायच्या आत उचलनार. त्याच्या म्होरं न्हाई थांबता येनार."

"आनतो," ओरमोश म्हणाला.

"आन् ओरमोश, तोंडातनं चकार शबूद न्हाई."

"आबा, मला सांगतासा?"

साल्किन पहिल्यांदा उठायलाच तयार नव्हती. तिचा बाप ह्याआधी दोनदा मेलेला होता. एकदा निरोप आला, शेवटचं तोंड बघून जा. ती हातातलं काम टाकून पळाली, तर बाप अंगणात घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसलेला, तोंडात खिळे. म्हणाला, आलीस का, त्या घोड्याचं तोंड धर जरा. दुसऱ्या खेपेला तर तिला घ्यायला तोच विमानतळावर आला होता.

"ह्या वक्ताला काय दुखतंय त्याचं?" साल्किननं विचारलं.

"ताप हाय म्हनत्यात. तुजं नाव घेतोय."

"नाव घेतोय म्हंजे कायतरी काम असंल," ती म्हणाली. पण गाठोडं बांधलं. बापासाठी लोकरीचा पट्टा घेतला कंबरेला बांधायचा. ओरमोशनं तो बघितला, चांगला आहे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात दोघं बसले. विमान आपल्याच माणसांनी भरलेलं. बांधकामावरची, बाजारातली, टॅक्सीवाली, कुणाच्या मांडीवर दूरदर्शन संच, कुणाच्या पायात मुलाची सायकल. साल्किनला खिडकी मिळाली, ओरमोश मधे, कडेला एक टोपीवाला गवंडी. विमान उडालं, चहा आला, आणि साल्किननं बापाच्या दोन मरणांची गोष्ट सुरू केली. पुढच्या मागच्या रांगा वळून ऐकायला लागल्या. खिळे तोंडात धरून बाप कसा बोलतो त्याची नक्कल तिनं केली, तेव्हा गवंड्याच्या नाकातून चहा आला.

"अन् हे आमचं ओरमोश आके," ती म्हणाली, "ह्यास्नी बापानं धाडलंय मला धरून आनायला. बगा कसं त्वांड केलंय, जसं काय यांचीच घोडी मेलीय."

लोक हसले. ओरमोशही हसला. आके म्हणजे थोरला दादा. लहानपणापासून ती त्याला आकेच म्हणायची.

तेवढ्यात डाव्या अंगाला कुठंतरी धाडकन झालं. फार मोठं नाही. गोठ्याच्या दाराला बैलानं लाथ मारल्यागत. मग विमान पाय मुरगळलेल्या घोड्यासारखं चालायला लागलं, एक अंग जड, एक अंग हलकं, आणि पायाखाली बारीक थरथर. जळक्या रबराचा वास आला. हसणं जिथल्या तिथं थांबलं.

कुणी काही सांगेना. विमानातल्या पोरी चहाच्या गाड्या ढकलत पळाल्या आणि पडद्याआड गेल्या. बराच वेळ ओरमोश खिडकीकडं बघत राहिला. आतापर्यंत ऊन साल्किनच्या खिडकीतून तिच्या मांडीवर पडत होतं. ते हळूहळू सरकलं, छतावर गेलं, आणि पलीकडच्या रांगेतल्या माणसांच्या तोंडावर जाऊन बसलं. मेंढरं वळलेल्या माणसाला एवढं पुरं.

"मागं वळलं," तो म्हणाला.

"कोन?"

"आपुन."

त्यानंतर कर्ण्यातून आवाज आला. तांत्रिक कारणामुळं विमान निघालं तिथंच परत जात आहे, पट्टे बांधून बसा, काळजीचं काही नाही. काळजीचं काही नाही म्हटल्यावर बायांनी मोठ्यानं कलमा पढायला सुरुवात केली. एक जण ओकला. मागच्या रांगेतला एकजण बायकोला फोन लावायला लागला, फोन लागेना, तर नुसत्या फोनला सांगत बसला की धाकट्याला शाळेतून काढू नको.

साल्किनचा रंग उडाला होता. पण ती गप्प बसणारी बाई नव्हे.

"पायलटाचा पासपोर्ट घरी ऱ्हायला आसंल," ती म्हणाली.

"न्हायतर पोलिसांनी वरच गाठलं आसंल," गवंडी म्हणाला. "परवाना संपलाय म्हनून."

पुन्हा हसू फुटलं, भ्यालेलं, रडक्या तोंडाचं. सगळ्यांना ते पाहिजेच होतं. ओरमोश मात्र वेगळाच हिशेब घालत होता. विमान पडेल असं त्याला वाटलंच नाही. त्याला वाटत होतं उशीर होईल. बर्फाच्या लाद्या त्याला दिसत होत्या, त्यांच्या कडा गोल होत चाललेल्या.

विमान शहराच्या बाहेर घिरट्या घालत राहिलं, तेल संपवत. मग उतरलं. दोन्ही बाजूंनी लाल बंब पळत होते. चाकं टेकली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, एकमेकांच्या गळ्यात पडले, साल्किननं गवंड्याचा मुका घेतला. ओरमोशनं टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणजे वाजवल्या, पण मागाहून.

त्यांना एका दालनात कोंडलं. खुर्च्या थोड्या, माणसं फार. प्रत्येकाला पाण्याची बाटली आणि पावात घातलेलं मांस दिलं. लोकांनी पाव उघडून बघितलं, वास घेतला, गुलाबी चकती काढून टोपलीत टाकली आणि कोरडा पाव खाल्ला. विमान कधी निघणार ते कुणी सांगेना. बंद दारापाशी एक गणवेशवाली पोरगी उभी होती, ती प्रत्येकाला म्हणायची, थांबा, कळेल. मग बायांनी जमिनीवर फडकी अंथरली. कुणी नान काढले, कुणी सुक्या दह्याच्या गोळ्या, कुणी जर्दाळू. साल्किन मधोमध बसली. तिच्याभोवती बघता बघता जत्रा भरली. रडणाऱ्या बाईला तिनं चहा पाजला, भांडणाऱ्या दोघांना वेगळं केलं, आणि लोकांच्या आग्रहाखातर बापाची गोष्ट पुन्हा सांगितली, ह्या वेळी खिळ्यांऐवजी तोंडात जर्दाळूच्या बिया धरून.

ओरमोश भिंतीशी उभा राहून बघत होता. बाप बर्फावर निजलाय आणि ही बिया वाजवतीय.

थोड्या वेळानं गणवेशवाली पुन्हा आली. म्हणाली, दुपारी दुसरं एक विमान तिकडंच चाललंय, त्यात थोड्या जागा रिकाम्या आहेत. बाकीच्यांना उद्या सकाळी, आपलंच विमान दुरुस्त करून. आधी लेकुरवाळ्या, आधी आजारी, आणि ज्यांच्या घरी मयत आहे ते.

एक दाढीवाला म्हातारा उठला. "कुनाकडं मयत हाय रं? हात वर करा. लाजू नगा."

एका तरण्या माणसानं हात वर केला. भाऊ गेला म्हणाला. लोकांनी तळवे उचलले, दुवा मागितली, तोंडावरून हात फिरवले, आणि त्याला वाट करून दिली. साल्किननं त्याचं गाठोडं स्वतः उचलून दारापर्यंत नेलं. "जा, भावा," ती म्हणाली. "पोचशील. देवानं कुनावर आशी येळ आनू नये."

ओरमोशचा हात खिशात होता. तो तसाच फोन धरून कोपऱ्यात गेला.

"एर्गेश आबा, विमान माघारी फिरलं," त्यानं सांगितलं. "उद्याच्या विमानानं सकाळी मातीला पोचनं हुत न्हाई. आज एक जातंय, त्यात मयतवाल्यांस्नी बशिवत्यात. मी तिला सांगू का?"

पलीकडं बराच वेळ बायांचं रडणं ऐकू येत राहिलं.

"कुठं सांगनार?" एर्गेशनं विचारलं.

"हितंच. विमानतळावर."

"हजार परक्यांत? फरशीवर? तिच्या पाठीला हात कोन लावनार, तू? बेकमातची लेक घरची चटई सोडून पोलिसांम्होरं केस उपटनार? माझ्या भावाची ऐकवणी माझ्या उंबऱ्यावर हुईल, ओरमोश. मी करीन. सत्तर वर्सं भाऊ हुता त्यो माझा. तुजा कोन हुता?"

"मंग सकाळचं जरा लांबवा."

"मयताला वास सुटला तर तू येनार हाईस का धुवाय?"

फोन बंद झाला.

आता ओरमोशनं आपल्या अकलेनं चालायचं ठरवलं. तो गणवेशवालीकडं गेला, टोपी काढली, आणि मोडक्या रशियनमध्ये हळू आवाजात सांगितलं की त्या बाईचा बाप मेलाय, पण तिला माहीत नाही. पोरगीनं त्याच्याकडं असं बघितलं की जसं तो दारू पिऊन आलाय. "माहीत नाही म्हणजे? मग सांगा ना तिला," ती म्हणाली. ओरमोशनं नाही म्हणून मान हलवली. शेवटी ती म्हणाली, एक जागा आहे, शेवटची. तिला घेऊन या. लगेच.

तो साल्किनपाशी आला. "ऊठ," तो म्हणाला. "तुला जागा मिळाली आजच्या विमानात. तू हो म्होरं, मी उद्या येतो."

"मला?" साल्किन म्हणाली. "मी काय लेकुरवाळी हाय?"

"बा आजारी हाय म्हनून सांगितलं मी."

साल्किन त्याच्याकडं बघत राहिली. तोंडावरचं हसू तसंच होतं, पण आता ते कुणी विसरून गेल्यागत दिसत होतं. भोवतीच्या बायांची कुजबुज थांबली. त्या सगळ्या त्याच मातीतल्या. जरा आजारी आहे येऊन जा, म्हणजे काय काय असू शकतं, हे कुणाला शिकवायला नको होतं.

"ओरमोश आके," ती म्हणाली, "मागं तुमीच हुता न्हवं, त्या फौजेतल्या पोराला आनाय गेलेलं?"

ओरमोशनं हातातली टोपी डोक्यावर घातली.

तिनं फडक्यावरचा अख्खा नान उचलला आणि दोन्ही हातांवर धरून त्याच्यापुढं केला. आमच्यात नान पायदळी पडला तर उचलून कपाळाला लावतात, पालथा ठेवत नाहीत, आणि त्यावर हात ठेवून खोटं बोललेला माणूस मी तरी पाहिलेला नाही, असं म्हातारे सांगतात.

"ह्याच्यावर हात ठेवा," साल्किन म्हणाली. "माजा बा जित्ता हाय का?"

नान ताजा होता, मधे ठसा, कडा फुगलेल्या. ओरमोशला तेवढाच दिसत होता. हात मागं घेतला तरी सांगितल्यासारखंच. गप्प बसलो तरी सांगितल्यासारखंच. ही इथं कोसळेल, ह्या फरशीवर, आणि उद्या गाव म्हणेल, चाळीस वर्षं राखलं आणि शेवटी विमानतळावर सांडलं. एर्गेशचा आवाज कानात होताच. तुजा कोन हुता.

त्यानं हात ठेवला.

"हाय," तो म्हणाला.

साल्किननं एवढा मोठा श्वास सोडला की शेजारची बाई दचकली. मग ती हसली. "मारलंस की रं मला भ्या घालून, आके," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरे तुरे केलं, आनंदानं. नानाचा तुकडा मोडून आधी त्याच्या हातात दिला.

"चल आता, जागा जाईल," ओरमोश म्हणाला. "जा तू. आजच जा."

"कशाला? म्हाताऱ्याला ताप हाय, तर उद्याबी आसंल. मी गेल्यावर उतरनार त्यो." तिनं वळून भिंतीकडं बघितलं. तिथं एक म्हातारा बसला होता, पाय घागरीएवढे सुजलेले, पायजम्यातून नळी काढून लघवीची पिशवी हातात धरलेली. शहरातल्या दवाखान्यात कापून घेऊन परत निघाला होता. आजाऱ्यांच्या रांगेत तो उठून उभा राहीपर्यंत जागा वाटून झाल्या होत्या. "ह्या बाबाला बशिवते मी. ह्याला रातभर हितं फरशीवर निजवू व्हय?"

"साल्किन, तुज्या पाया पडतो. तू जा."

"आवो आके, आताच हात ठेवलासा न्हवं?" ती म्हणाली. "मंग आता काय झालं?"

ह्यावर ओरमोशकडं उत्तर एकच होतं. ते द्यायचं नव्हतं.

तिनं म्हाताऱ्याला काखेत धरून उठवलं, पिशवी आपल्या हातात घेतली आणि दारापर्यंत नेलं. गणवेशवालीनं एकदा ओरमोशकडं बघितलं, खांदे उडवले, आणि म्हाताऱ्याचं नाव घातलं. दारात म्हातारा थांबला. तळवे वर केले.

"पोरी," तो म्हणाला, "तू माझ्या पोटची आसल्यावानी केलंस. तुज्या बापाला देव शंभर वर्सं देवो. त्याच्यापासनं तुला कवा अंतर न पडो."

"आमीन," साल्किन म्हणाली. सगळं दालन आमीन म्हणालं आणि तोंडावरून हात फिरवले. ओरमोशनंही फिरवले. न फिरवून चाललं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलेलं विमान नीट गेलं. धाड नाही, वास नाही. साल्किन वाटभर झोपली, लोकरीचा पट्टा उशाला घेऊन. ओरमोश जागा होता. गावाकडं ऊन कुठवर आलं असेल ते तो बघत होता. एका घटकेला त्याला वाटलं, आता उचललं असेल. थोड्या वेळानं वाटलं, आता माणसं हात झटकत टेकडी उतरत असतील. मग तो काही बघेनासा झाला.

ओशमधून टॅक्सी केली. कालव्याच्या वळणावरून गाव दिसतं. बेकमातच्या अंगणात पांढरा तंबू उभा होता, लोकरीच्या नमद्याचा, गोल, लग्नात नाहीतर मयतात उभारतात तसा. लग्नाचा म्हणावा तर बेकमातच्या घरी लग्न कुणाचं? दारापुढं माणसं सुतकाच्या रीतीनं कंबर बांधून काठ्यांवर रेललेली. टॅक्सीवाल्यानं गाणं बंद केलं. साल्किन पुढं वाकून काचेतून बघत होती. तिनं ओरमोशला काही विचारलं नाही. पट्ट्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

अंगणात म्हातारे बसलेले होते, रीतीप्रमाणं. बाया बाजूला. तिच्या मागं उभी राहायला एक दांडगी चुलतभावजय. एर्गेश पुढं आला, दाढी चोळली, आणि भरल्या आवाजात सुरू केलं.

"पोरी, डोंगर केवढाबी थोर आसला तरी त्याला..."

"कवा?" साल्किन म्हणाली.

एर्गेश अडखळला. ऐकवणी मधे तोडायची नसते. "नदी केवढीबी..."

"काका, कवा गेला?"

"परवा पहाटं," एर्गेश म्हणाला.

"अन् माती?"

चुलतभावजयीनं पाठीला हात लावला. साल्किननं तो काढला.

"सकाळी," एर्गेश म्हणाला. "लई वाट बगितली, पोरी. बर्फ टिकंना."

साल्किन वळली आणि ओरमोशकडं बघितलं. ओरमोश दाराशी दोघांची गाठोडी घेऊन उभा होता. रागानं बघितलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. पण तिनं नानावर ठेवला होता त्या उजव्या हाताकडं बघितलं, आणि तंबूत गेली.

आत बाया भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. लेकीचा आवाज नाही तर मयताला जीभ नाही, म्हणतात. बेकमात बिनजिभेचा गेला होता. आता साल्किन बसली, केस सोडले, मांड्यांवर मुठी ठेवल्या, आणि विलाप सुरू केला. बाहेर पुरुष खाली माना घालून ऐकत होते.

"बर्फावर नीज तुजी, बा माझ्या, एकल्याची,
परक्यांच्या फरशीवर जत्रा माझ्या हसण्याची.
पाणी तुला कुनी घातलं, तोंड तुजं कुनी पुसलं,
दाताखाली बिया धरून लेकीनं तुला हसलं.
ओरमोश माझा थोरला, नानावर हात त्याचा,
हाय म्हनला, जित्ता हाय, बा माझ्या मातीतला.
आता नान गिळू कसा, नरड्याला त्यो आडतो,
शेजारी बसून माझ्या त्यो रातभर जेवतो."

विलापात नाव घेतलं की ते पुसता येत नाही. कुणीतरी फोनवर भरून घेतला. संध्याकाळपर्यंत तो कोक-जारमधून खालच्या गावात गेला, आणि ओरमोश मॉस्कोला परतला त्याच्या आधी मॉस्कोत पोचला. तो राहायचा त्या खोलीत बारा माणसं निजायची. सगळ्यांत वडील तोच, म्हणून जेवताना नान मोडायचं काम त्याचं. परतल्यावर पहिल्या दिवशी बघतो तर नान आधीच मोडून ठेवलेला. त्याच्यापुढं तुकडे सरकवले, चहा ओतला. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग तो उशिरा जेवायला लागला.

एकदा त्यानं एर्गेशला फोन केला. "आबा, तुमीच गप ऱ्हा म्हनलासा," तो म्हणाला.

"मी गप ऱ्हा म्हनलो," एर्गेश म्हणाला. "शपत घे म्हनलो व्हतो का?"

एर्गेशचं नाव विलापात नव्हतं. तो अजून सगळ्या मयतांना पुढं बसतो आणि डोंगर ढासळवतो.

वर्षानं बेकमातच्या नावचं मोठं जेवण घातलं. घोडी कापली. ओरमोश रजा काढून गेला. बायको नको म्हणत होती. पण न जाणं म्हणजे विलापातलं कबूल केल्यासारखं, आणि जाणं म्हणजेही तसंच. त्याला जुन्या मानाप्रमाणं वरच्या चटईवर बसवलं, त्याच्या वयाला मान म्हणून द्यायचं मांसाचं हाड त्याच्यापुढं ठेवलं. कुणी कमी केलं नाही. जेवण झाल्यावर तो मागच्या अंगणात गेला. साल्किन कढईपाशी होती, धुरात. वर्षात वाळली होती. ती आता गावातच राहत होती, बापाच्या घरात.

"साल्किन," ओरमोश म्हणाला, "मी माफी मागाय आलोय."

"केलं माफ," ती म्हणाली. कढईत पळी फिरवत राहिली. "वर्साच्या जेवनाला कुनाला न्हाई म्हनू ने."

"तू कोसळशील म्हनून... मातीला पोचशील आसं वाटलं, म्हनून जागाबी मागितली मी तुला. तू दिऊन टाकलीस."

"मातीचं नका काढू, आके. माती काय, पोचलं नसतं तरी चाललं आसतं. विमान पडलं आसतं तर काय पोचले आसते का?" तिनं पळी थांबवली. "मी त्या दिशी किती हसले, ठावं हाय तुमास्नी? अख्ख्या विमानाला हसवलं. बाच्या तोंडात खिळं घातलं, काढलं, पुन्यांदा घातलं. त्यो निजलेला, अन् मी त्याची नक्कल करतीय. अन् तुमी भितीला टेकून बगत हुतासा. एकदाबी म्हनला न्हाईसा, पोरी, जरा गप."

ओरमोश उभा राहिला. त्याला सांगायचं होतं की मीही हसलो. ते सांगण्यासारखं नव्हतं.

"एवढं म्हनला आसतासा," ती म्हणाली, "तरी मला कळलं आसतं. कुनाची रीतबी मोडली नसती."

हे वर्षभरात त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. पोरी, जरा गप. एवढंच.

आतून कुणीतरी साल्किनला हाक मारली, पाहुणे उठायला लागले होते. तिनं झग्याला हात पुसले, फडकं घेतलं, त्यात घोडीच्या मांसाचे चांगले चांगले तुकडे घातले, वर चरबीची एक फाक, चार गाठी मारल्या आणि त्याच्या हातात दिलं. जेवायला आलेल्याला घरच्यांसाठी बांधून द्यायचंच असतं.

"वहिनीला द्या," ती म्हणाली, आणि आत गेली.

ओरमोश ते घेऊन घरी आला. बायकोनं काय झालं विचारलं नाही. तिनं फडकं सोडलं, मांस तव्यावर परतलं आणि दोघांना वाढलं. मांस मऊ शिजलं होतं. ओरमोश सगळं जेवला.